टाकी अर्धी झाली की रेस खालीवर: इंदूरच्या एका जुन्या पिकअपचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २००८ सालची, चार सिलेंडरची डिझेल पिकअप. इंजिनाला डिझेल मापून देणारा रोटरी पंप, त्यातच रेस सांभाळणारा मेकॅनिकल गव्हर्नर, आणि इलेक्ट्रिकच्या नावाखाली पंपावरचा एक स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे डिझेल तोडून इंजिन बंद करणारी विजेची झडप. सेन्सर नाही, स्कॅनर लावायला सॉकेट नाही. मालक इंदूरचे, लोकमान्य नगराच्या बाजूचे. ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांना इथे नुसतं काका म्हणतो. मिरचीच्या हंगामात ते बेडियाच्या मंडीतून पोती भरतात आणि सांवेर रोडवरच्या मसाल्याच्या कारखान्यांत उतरवतात. रस्ता सनावद, बडवाह, चोरल, मग भेरूघाट चढून सिमरोल आणि इंदूर. जाताना गाडी रिकामी, येताना भरलेली, म्हणजे घाट नेमका ओझ्यानिशी चढायचा. गाडी बहुतेक वेळा पुतण्या चालवतो.

गाडी आमच्याकडे आली ती पंप उघडण्यासाठीच. आधीच्या गॅरेजने डिझेल फिल्टर दोनदा बदलला होता, स्लोचा स्क्रू पिळून आयडलिंग, म्हणजे पाय न देता राहणारी रेस, वाढवून ठेवलं होतं आणि शेवटी सांगितलं होतं की पंपातला गव्हर्नर गेला, पंप खोलून बेंचवर कॅलिब्रेट करावा लागेल, म्हणजे डिझेलचं माप पुन्हा जुळवावं लागेल. अंदाज १८,००० रुपयांचा. काकांनी पैशांची जुळवाजुळव सुरूही केली होती. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, "पंप काढायचाच तर काढा, पण हंगामात गाडी उभी राहायला नको."

तक्रार नेमकी काय होती

"रेस खालीवर होते" हे वाक्य जॉबकार्डावर लिहून काम भागत नाही. ती कशी होते, किती होते आणि केव्हा होते, हे कळल्याशिवाय पाना हातात घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

आयडलिंग वाढवलेलं असताना रेसचं खालीवर होणं झाकलं जातं, म्हणून स्क्रूला आधी खूण केली आणि मग तो मागे फिरवून स्लो ८०० च्या आसपास आणला. गाडीत आरपीएमचा काटा नाही. क्रँक पुलीवर चमकणाऱ्या टेपचा तुकडा चिकटवून हातातल्या टॅकोमीटरने वाचन घेतलं. इंजिन तापलेलं असताना आकडा ६८० वर उतरायचा, मग ९६० पर्यंत चढायचा आणि पुन्हा उतरायचा. एक फेरा साधारण दोन सेकंदांचा. लय अगदी सारखी.

ही लय महत्त्वाची. सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारं एखादं नोझल खराब असेल, एक सिलेंडर मारत नसेल, तर इंजिन भराभर हलतं, सायलेंसरमधून फट्फट् येते, पण रेस अशी सावकाश वर-खाली झुलत नाही. सावकाश झुलणं म्हणजे हंटिंग. त्यात गव्हर्नर सामील असतो हे खरं. पण सामील असणं वेगळं आणि दोषी असणं वेगळं.

गव्हर्नरचं काम असं. पंपात फिरणारी वजनं असतात. गती वाढली की ती बाहेर फेकली जातात आणि डिझेल कमी करतात. गती उतरली की स्प्रिंगचा जोर चालतो आणि डिझेल वाढतं. आता डिझेलबरोबर हवेचा बुडबुडा आला तर इंजिनाला खुराक कमी पडतो आणि गती उतरते. गव्हर्नर लगेच डिझेल वाढवतो. तेवढ्यात बुडबुडा निघून जातो, भरीव डिझेल येतं, गती नको इतकी चढते, गव्हर्नर पुन्हा डिझेल कापतो. तोवर पुढचा बुडबुडा दारात. गव्हर्नर ठणठणीत असला तरी कानाला ऐकू येतो तो त्याचाच गोंधळ, आणि आरोपही त्याच्यावरच येतो.

मग पुतण्याला बाजूला बसवून विचारलं. सकाळी गाडीला सेल्फ जास्त मारावा लागतो का? हो. घाटात दम सोडते का? हो, आणि सपाटीला बरी चालते. टाकी भरलेली असताना आणि कमी असताना काही फरक? तो थोडा थांबला आणि म्हणाला, "अर्ध्याच्या खाली गेली की जास्त करते. हे मी तिकडेही सांगितलं होतं." तिकडच्या जॉबकार्डवर मात्र लिहिलं होतं फक्त "रेस प्रॉब्लेम".

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, पंप खोलणे. त्याच्या बाजूने एक मुद्दा होता. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळतं, त्यात गंधक फक्त १० पीपीएम. त्याआधीच्या बीएस-४ मध्ये ५० होतं. डिझेलची घडण बदलली की जुन्या पंपांतली वर्षानुवर्षं फुगलेली रबरी सीलं आकसू शकतात आणि गळू लागतात. गाडी २००८ ची, सीलं मूळचीच. शंका रास्त होती. पण इंजिन चालू असताना रोटरी पंपाच्या पोटात दाब असतो. सील गेलं तर डिझेल बाहेर येतं, लिव्हरच्या शाफ्टपाशी ओल दिसते. हा पंप बाहेरून कोरडा होता. शिवाय टाकी अर्धी आहे की भरलेली, हे गव्हर्नरच्या वजनांना कळायचं कसं?

दुसरा, आयडलिंग वाढवून गाडी तशीच चालवणे. हंगाम निघाला असता, पण घाटातली तक्रार तशीच राहिली असती.

तिसरा, नोझल काढून तपासणे. खर्च कमी, पण लक्षण जुळत नव्हतं.

चौथा, पंपाला हातही न लावता आधी सिद्ध करणे की दोष पंपाच्या अलीकडे आहे की पलीकडे. यात काही मोडत नाही, काही खोलावं लागत नाही, आणि उत्तर चुकीचं निघालं तरी बाकीचे तिन्ही पर्याय शाबूत राहतात. म्हणून हाच आधी.

काकांना हे पटायला वेळ लागला. त्यांना वाटलं आम्ही पंपवाल्याकडे जाणं टाळतोय. मी म्हटलं, "काका, आज दुपारपर्यंतचा वेळ द्या. पंप दोषी निघाला तर मी स्वतः काढून देतो." त्यांनी वेळ दिला.

तपास

फिल्टरकडून पंपात येणारा रबरी पाइप काढून तिथे पारदर्शक पाइप लावला. इंजिन चालू केलं आणि पाइपावर बॅटरीचा झोत धरला. सोड्याच्या बाटलीत येतात तसे बारीक बुडबुडे एकामागून एक पंपाकडे जात होते, आणि मधूनच एक मोठा, वाटाण्याएवढा. मोठा बुडबुडा आत गेला की क्षणभराने रेस उतरायची. पुतण्याने हे स्वतः पाहिलं आणि काकांना हाक मारली.

इथे एक काळजी घ्यावी लागते. परतीच्या पाइपात फेस दिसला तर तो पंपातूनही आलेला असू शकतो. येणाऱ्या पाइपात दिसला तर तो पंपाच्या आधीचाच. आपण पाहतोय तो कुठला पाइप, हे हाताने चाचपून खात्री करून घ्यावी.

मग कॅनची चाचणी. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घेतलं, बॉनेटच्या उंचीला टांगलं, तिथून थेट पंपाच्या 'इन'ला जोडलं आणि परतीचा पाइपही त्याच कॅनमध्ये डिझेलच्या पातळीखाली बुडवला. हवा काढली, इंजिन चालू केलं. पहिलं मिनिट थोडं अडखळलं. मग आकडा ७९५ आणि ८१० यांच्यात स्थिर झाला. गाडीचा आवाजच बदलला.

पण एवढ्यावर पंपाला निर्दोष म्हणता येत नाही. कॅन उंचावर असला की डिझेल वजनाने आपोआप उतरतं; पंपाला ओढावं लागतच नाही. पंपाच्या पोटातला, डिझेल ओढून घेणारा व्हेन पंप झिजलेला असेल तर तो इथे झाकला जाईल. म्हणून कॅन खाली जमिनीवर ठेवला आणि पुन्हा पाहिलं. वाचन तेच. आता पंप ओढतोही नीट आणि मापतोही नीट, असं म्हणायला आधार मिळाला. ही दुसरी पायरी बरेच जण गाळतात आणि मग गाडी आठवड्यात परत येते.

आता टाकीपासून पंपापर्यंतचा रस्ता अर्धा-अर्धा करत गेलो. कॅन फिल्टरच्या आधी जोडला, म्हणजे फिल्टर, त्याचं डोकं आणि हातपंप सगळं चाचणीत आलं. बुडबुडे नाहीत. दोनदा बदललेला फिल्टर बिचारा दोन्ही वेळा चांगलाच होता. उरली टाकीतून येणारी लोखंडी लाइन.

ओढीच्या बाजूची गळती अवघड असते ती यामुळेच: इंजिन चालू असताना तिथून डिझेल टपकत नाही, हवा आत शिरते. खाली डाग पडत नाही. म्हणून उलटं केलं. लाइन टाकीपाशी सोडून बंद केली, दुसऱ्या टोकाने हवा भरायच्या पंपाने हवा भरली, ४-५ पीएसआय, त्याहून जास्त नाही, आणि साबणाचं पाणी लावत गेलो. टाकीच्या थोडं पुढे, चॅसिसच्या वळणावर एक क्लिप आहे, जिथे पुढच्या चाकाचा चिखल उडून बसतो. त्या क्लिपमध्ये वर्षानुवर्षांचा चिखल दाबून बसला होता. आजूबाजूचा सगळा चिखल फिका आणि कोरडा, पण क्लिपच्या पोटातला बोटभर काळपट आणि तेलकट. नाकाशी धरला तर डिझेलचा वास. क्लिप सोडवली, चिखल खरवडला, आणि गंजलेल्या लाइनवर टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून फेस फुगू लागला.

सगळ्या लक्षणांचा हिशेब इथे लागला. टाकी भरलेली असली की डिझेलची पातळी भोकाच्या वर राहते. हवा शिरण्याऐवजी उभ्या गाडीत थोडं डिझेल पाझरतं आणि चिखल तेलकट होतो. टाकी अर्ध्याखाली गेली की ओढ वाढते आणि हवा आत येते. घाटात गाडीचं तोंड वर झालं की पंप टाकीपेक्षा आणखी उंच जातो, ओढ आणखी वाढते. आणि रात्रभर उभी राहिली की भोकातून हवा शिरून लाइनमधलं डिझेल मागे टाकीत उतरतं, म्हणून सकाळचा सेल्फ.

दुरुस्तीचा निर्णय

काकांना दुसऱ्या दिवशी बेडियाला जायचं होतं. त्यांनी सुचवलं, भोकाचा तुकडा कापून मध्ये रबरी पाइप आणि दोन क्लिपा. तासाभराचं काम. आमच्या फिटरचंही मत तेच होतं.

मी नको म्हटलं. एक तर ओढीच्या बाजूला एका भोकाच्या जागी दोन नवे जोड तयार होतात, आणि प्रत्येक जोड हवेला वाट देऊ शकतो. दुसरं, लाइन एका जागी आतून सडली आहे म्हणजे बाकीच्या क्लिपांखाली काय आहे हे माहीत नाही. पितळी झाळ मारायचाही विचार झाला, पण इतक्या पातळ झालेल्या लोखंडावर झाळ टिकेल याचा भरवसा नव्हता. शेवटी त्याच व्यासाची नवी स्टीलची नळी आणून जुन्या लाइनवर ठेवून वाकवली, टोकांना नीट फुगवटा काढला, बँजो बोल्टांचे (लाइन जोडणाऱ्या पोकळ बोल्टांचे) तांब्याचे वॉशर नवे टाकले आणि क्लिपांखाली रबर बसवलं. रोटरी पंपाचे 'इन' आणि 'आउट' बोल्ट दिसायला सारखे, पण 'आउट'मध्ये बारीक भोकाचा अडसर असतो, त्यावर पंपाच्या आतला दाब ठरतो. घाईत ते अदलाबदल झाले तर नवीनच आजार उभा राहतो. म्हणून काढतानाच 'आउट'ला लाल दोरा बांधला होता.

संध्याकाळी टाकी मुद्दाम चतुर्थांशावर ठेवून वाचन घेतलं. ७९० ते ८१५. काका दुसऱ्या दिवशी वेळेवर निघाले.

घाटात पुन्हा

हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते पुढच्या भागामुळे.

काही दिवसांनी काकांचा फोन आला. आयडलिंग छान आहे, सकाळी एका सेल्फात चालू होते, पण भेरूघाटात भरलेली गाडी अर्ध्या चढावर दम टाकते. बाजूला घेऊन बॉनेट उघडावं, थोडं थांबावं, मग पुन्हा चालते. आवाजात नाराजी होती. "पंपवाला बरोबर होता की काय?"

इथे दोन रस्ते होते. एक म्हणजे याला आधीच्या दोषाचा उरलेला भाग समजणे आणि पंप उतरवणे. त्या क्षणी हा रस्ता सोपा होता, कारण मालक आता त्याला तयार होता. दुसरा म्हणजे आधी पुन्हा विचारणे. मी एकच प्रश्न विचारला: दम टाकते तेव्हा टाकीत डिझेल किती असतं? काका म्हणाले, "बडवाहला टाकी फुल करूनच चढतो आता."

म्हणजे लक्षण उलटं झालं होतं. आधी टाकी रिकामी होत आली की त्रास, आता भरलेली असताना. उरलेला दोष असता तर तो त्याच दिशेने कमी झाला असता. दिशाच फिरली म्हणजे कारण दुसरं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात निर्णायक जागा हीच होती.

शंका दोन. टाकीतली जाळी कचऱ्याने चोंदत असेल: कचरा ओढीने जाळीला चिकटतो, गाडी थांबली की सुटतो. किंवा टाकीत हवा शिरत नसेल: डिझेल निघतं, त्याच्या जागी हवा येत नाही, पोकळी तयार होते आणि पंपाला ओढ जड जाते. थांबल्यावर गाडी बरी होते हे दोन्हींत बसतं. पण पोकळीचा त्रास भरलेल्या टाकीत लवकर होतो, कारण वर हवेची जागाच थोडी असते आणि दोन-चार लिटर कमी झाले तरी ती हवा फार ताणली जाते. जाळीला पातळीचं असं देणंघेणं नसतं.

पंपाच्या 'इन'पाशी टी (तीन तोंडांचा जोड) लावून ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज जोडला, त्याची लांब नळी खिडकीतून केबिनमध्ये घेतली आणि गेज डॅशबोर्डवर चिकटवला. बडवाहला टाकी भरली, पोती होतीच. पुतण्या चालवत होता, मी गेज पाहत होतो. सपाटीला काटा पाऱ्याच्या २ ते ३ इंचांवर. चोरल सोडून चढ लागला तसा ५, मग ७. ९ च्या पुढे गेल्यावर गाडी खरंच ढिली पडली. रुंद जागा पाहून बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि टाकीचं झाकण उघडलं. फुस्स करून लांब आवाज आला. काटा ३ च्या खाली येऊन थांबला आणि रेस दिली तरी तिथेच राहिला. जाळी चोंदली असती तर झाकण उघडून काटा असा उतरला नसता.

झाकण नवं होतं. मागच्या पावसाळ्यात डिझेल चोरीला गेलं, तेव्हा काकांनी कुलूपवालं झाकण घेऊन बसवलं होतं. मूळ झाकणात हवा आत घेण्यासाठी बारीक छिद्र आणि झडप असते; या झाकणात काहीच नव्हतं, नुसता जाड रबरी वॉशर. लाइनला भोक होतं तोवर टाकीतली पोकळी त्या भोकातून जास्त हवा ओढून घ्यायची, त्यामुळे झाकणाचा दोष हवेच्या दोषातच मिसळून गेला होता. भोक बंद झालं आणि झाकण उघडं पडलं.

पुतण्या म्हणाला, "पेट्रोल पंपावर डिझेल भरताना हा आवाज रोजच येतो. मला वाटलं घट्ट बसतं म्हणून येतो."

निकाल

कुलूप असलेलं, पण हवेची झडप असलेलं झाकण मिळालं. बसवण्याआधी तोंडाने ओढून पाहिलं की हवा आत जाते. पुढच्या फेरीला पुतण्याने गेज तसाच लावून घाट चढवला. काटा ४ च्या वर गेला नाही. दोन्ही दुरुस्त्या मिळून, मजुरीसकट, खर्च ३,००० रुपयांच्या आत राहिला. नंतरच्या पावसाळ्यातही तक्रार परतली नाही. तापलेल्या इंजिनात स्लोवर अजून किंचित थरथर आहे, ती नोझलची असावी. ते काम हंगामानंतर करायचं ठरलं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या दिवशीच झाकण उघडून पाहता आलं असतं. टाकीच्या झाकणाला फुस्स आवाज येतो का, आणि झाकण मूळचंच आहे का, हे दोन प्रश्न डिझेलच्या प्रत्येक तक्रारीत आता आमच्या कार्डावर छापलेले आहेत. त्यांच्याबरोबर तिसरा: त्रास होतो तेव्हा टाकीत किती असतं. चालवणाऱ्याने आपणहून सांगितलेलं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहायचं, त्याचा गोषवारा करायचा नाही. पुतण्याचं "अर्ध्याच्या खाली गेली की" हे वाक्य आधीच्या कार्डावर उतरलं असतं तर दुसरा फिल्टर कोणी बदलला नसता.

लाइन बदलल्यावर गाडी भरून घाटात पाठवण्याआधी ओझ्यानिशी चाचणी घ्यायला हवी होती का? वेळ असता तर हो. आयडलिंगला डिझेल इतकं कमी लागतं की अडलेला पुरवठाही पुरून उरतो. गॅरेजात उभ्या गाडीवर झाकणाचा दोष दिसला नसताच. ज्याची तक्रार चढावरची आहे, त्याची परीक्षा चढावरच घ्यावी.

हा क्रम जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाड्यांचा आहे. पेट्रोल गाडीची रेस खालीवर होत असेल तर थ्रॉटल बॉडीचा मळ, आयडल एअर वाल्व्ह, इनटेकच्या बाजूने फाटलेली व्हॅक्यूम नळी यांकडे आधी पाहावं लागतं. कॉमन रेल डिझेलला (सगळ्या नोझलांना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजिनाला) स्कॅनर लावून रेलचा दाब पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि कुठल्याही डिझेल इंजिनाच्या नोझलकडे जाणाऱ्या लाइनवरची गळती बोटाने शोधू नये. तिथला दाब डिझेल कातडीच्या आत घुसवतो. पुठ्ठा धरावा.

काकांच्या पंपाची सीलं अजून मूळचीच आहेत. लिव्हरच्या शाफ्टपाशी ओल दिसू लागली की पंप काढू आणि तेव्हा बेंचवर कॅलिब्रेशनही करून घेऊ. तोवर त्याला हात लावायचं कारण नाही.